मागच्या दोन खोल्यांची वाट

मी, नामा कान्हा मढवी, वय बहात्तर किंवा एखादे कमी (जन्माची नोंद नाही, आई सांगायची तेच खरे धरले आहे), पूर्वीचा धंदा भातशेती आणि मिठागर, हल्ली काही नाही, राहणार पावणे गाव, तालुका व जिल्हा ठाणे, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण चौथीपर्यंत, तेही पुरे नाही. डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब आहे, पण त्याची गोळी आज सकाळी घेतली आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी दारू पाजलेली नाही, कोणी गोड बोलून बसवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, पण वकीलसाहेब म्हणतात तरी लिहा, म्हणून लिहितो, की असलेच तर ते रद्द समजावे.

वकीलसाहेबांनी एक मसुदा टाइप करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात माझी बायको काशी कुठेच नव्हती. म्हणून मी नवीन लिहायला घेतला. दुसऱ्या पानावर शाई सांडली आहे ती माझ्याच हातून, त्यात कोणी फेरफार केलेला नाही.

१. माझे वारस दोन. मुलगा सुभाष, कंपनीत नोकरी, वाशीला सोसायटीत राहतो. मुलगी जयमाला, उरणला दिली आहे. काशी चार वर्षांपूर्वी वारली. तिचे दागिने जयमालाचे. त्यात सुभाषने हिस्सा मागू नये, आणि तो मागणारही नाही, पण लिहून ठेवलेले बरे.

२. मिठागराच्या कमाईतून मी विकत घेतलेले शेत सरकारने शहरासाठी ताब्यात घेतले. त्याच्या भरपाईतून मी गावठाणात हे घर बांधले. म्हणजे हे वडिलोपार्जित नाही, माझ्या कमाईचे आहे, आणि कोणाला काय द्यायचे ते मी ठरवू शकतो. वकीलसाहेबांनी हे वाक्य ठळक लिहायला सांगितले आहे.

घराचे दोन भाग आहेत. पुढे ओटी, माजघर, माडी आणि रस्त्यावरचा दुकानाचा गाळा. मागे दोन खोल्या, लहान स्वयंपाकघर आणि न्हाणी. मागे जायची वाट पुढच्या अंगणातूनच आहे, दुसरी नाही. मागच्या बाजूला कारखान्याची भिंत आली आहे.

पुढचा भाग सुभाषला देतो, पूर्ण मालकीने. फक्त दुकानाच्या गाळ्याचे भाडे मागच्या खोल्यांच्या खर्चाला जाईल. पोस्टातली बचतही त्याच कामाची.

मागच्या दोन खोल्या सुभाषला देत नाही. का, ते पुढच्या कलमात.

३. १९७५ साली, चैत्रातल्या जत्रेच्या आधी तीन महिने, गावची सुईण सगुणा एका मुलीला घेऊन आमच्या मागल्या दारी आली. मुलीचे नाव अरुणा, साताऱ्याकडची, इथल्या औषधी गोळ्यांच्या कारखान्यात पाकिटे भरायची. लग्नाचे बोललेला माणूस नोकरी सोडून निघून गेला होता. ती सगुणाकडे मूल पाडायचे औषध मागायला गेली होती. सगुणा तसली औषधे द्यायची, हे गावाला माहीत होते.

सगुणा म्हणाली, "काशे, हिला औषध पायजे म्हनते. मी नाय देत. सहावा सरलाय, पोरगी हातची जाईल. हिला औषध नको, खोली पायजे."

काशी म्हणाली, "खोलीत मीठ भरलंय."

"मग मीठ काढ."

मी मध्ये बोललो की लोक काय म्हणतील, जयमालाचे लग्न व्हायचे आहे, पोलीस येतील, तिच्या गावचे लोक येतील. मला जे जे सुचले ते सगळे बोललो. काशीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "लोक बोलून थकतील. पोटातला थांबनार हाय का? गोन्या उचला." मी मिठाच्या गोण्या उचलल्या.

मुलगा झाला. आणि इथे माझी चूक झाली, जी मी आज चूक मानत नाही.

आमच्यात मूल झाले की सोयर धरतात. मुलीचे बाळंतपण माहेरी झाले तर सोयर तेवढ्या घरापुरती असते. सुनेचे झाले तर साऱ्या भावकीला लागते, आणि घरधन्याने दारोदार जाऊन सांगायचे असते, म्हणजे कोणी देवाला हात लावत नाही. मी घाबरलेला. जत्रा तोंडावर, देवीच्या पालखीचा मान आमच्या मढवींचा. सोयर लपवली आणि देवीचा कोप झाला तर काय, ह्या काळजीने मी पहाटेच उठून भावकीच्या प्रत्येक दारात सांगून आलो, की आमच्या घरी मुलगा झाला, सोयर आहे.

भावकीतला थोरला, माझा चुलतभाऊ मारोती, धावत आला. "नाम्या, कोनाला पोर झाला? तुझ्या सुभाषचा तर लगीन पन नाय झाला."

मी म्हणालो, "ती मागल्या खोलीत पोरगी आहे ना, तिला."

"मग घरापुरती सोयर धरायची ना. लेक म्हनून सांगायचास. तू तर दारोदार फिरलास. म्हंजे तो पोर आता भावकीतला झाला, कलतंय का तुला?"

मला तेव्हा कळले. मी म्हणालो, परत जाऊन सांगतो की चुकले. तेवढ्यात काशी दारात आली आणि मारोतीला म्हणाली, "भावजी, सांगितलेली सोयर माघारी घेतात का कुठं? देवीला काय सांगाल, पोर होता आनि मग नाय झाला?"

सांगितलेली सोयर मोडायची हिंमत कोणाचीच झाली नाही. त्या वर्षी पालखी दुसऱ्या भावकीने उचलली आणि आमचे सारे मढवी रस्त्याच्या कडेला हात बांधून उभे राहिले.

अरुणा मूल आश्रमात ठेवून कामावर परत जाणार होती. तसे तिचे आणि काशीचे बोलणे झाले होते, काशीने तिला अडवले नव्हते. पालखी गेली त्या दिवशी ती बाळाला घेऊन माडीच्या खिडकीत बसली होती. काशीला म्हणाली, "आई, एवढी माणसं माझ्या पोरापायी देवाला लांबनं हात जोडत्यात. आता ह्याला कुनाचं न्हाई असं कसं म्हनू?" तिने मूल ठेवले. काशीने त्याला माझ्या वडिलांचे नाव दिले. अरुणाने पुढे कारखान्याजवळ खोली घेतली, मुलाला शाळेत घातले, आणि त्या दोन खोल्यांत मीठ पुन्हा कधी भरले नाही. एकीने दुसरीला सांगितले. कारखान्यातल्या आल्या, बांधकामावरच्या आल्या, एकदा वाशीच्या सोसायटीतली शिकलेली मुलगीही आली.

४. मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणी मी अरुणाला देतो. ती माझी रक्ताची कोणी नाही. काशी गेल्यापासून कामावरून सुटल्यावर सगळे तीच बघते. खोल्या विकायच्या नाहीत, भाड्याने द्यायच्या नाहीत, गहाण टाकायच्या नाहीत. अरुणाच्या मागे कोणी सांभाळायचे ते तिने ठरवावे, पण ती बाईच असावी. त्या खोल्यांत ज्या बाईला मूल राहिले आहे आणि ठेवायला जागा नाही, माणूस नाही, धीर नाही, तिने राहावे. बाळंतपण होऊन अंगात ताकद येईपर्यंत आणि पुढची सोय लागेपर्यंत तिला कोणी ऊठ म्हणू नये.

५. खोल्यांचे नियम काशीने घातले तेच राहतील.

दारात आलेल्या बाईला आधी जेवायला वाढावे. पुरुषाचे नाव तिने सांगितले तर ऐकावे, विचारू नये.

पोटातला जीव हा जीवच आहे, असे काशी मानायची आणि मी मानतो. कायद्याने आता दवाखान्यात मोकळे व्हायची सोय केली आहे. त्याबद्दल कोणाशी भांडायला मी शिकलेला नाही. पण माझे म्हणणे असे की, सगळे जण बाईला सांगतात, तुझे तू ठरव, आणि ठरवायला तिच्यासमोर एकच दार उघडे ठेवतात. दुसरे दार आम्ही उघडे ठेवले, एवढेच.

एकदा एक मुलगी आठवडाभर राहिली आणि म्हणाली, मी दवाखान्यात जाते. काशीने तिला भाकरी बांधून दिली आणि सांगितले, बरे नाही वाटले तर परत ये, खाट तशीच आहे. मला फार वाईट वाटले, अजून वाटते. पण दारात आडवे व्हायचे नाही आणि शापही द्यायचा नाही. धाकाने ठेवलेले मूल नको. आईला आधार मिळाला की बहुतेक वेळा ती मुलाला स्वतःच जवळ घेते, हे मी इतकी वर्षे बघितले आहे.

मूल दत्तक द्यायचे तर आईच्या मर्जीने आणि कोर्टातून. मूल मागायला कोणी गोड बोलून मागल्या दारी आला तर त्याला पाणीसुद्धा देऊ नये.

बाळंतपण घरी करायचे नाही. वाशीच्या डॉक्टर चारुलताबाई बघतात, त्यांच्याकडे न्यावे. रिक्षावाला आधी ठरवून ठेवावा. न्हाणीपुढची पायरी शेवाळते, ती घासावी. स्टोव्ह पेटवताना पदर खोचावा. विहिरीवरचे झाकण लावले का ते बघावे. मग परत एकदा बघावे.

६. माझे मासे धरायचे पाग जाळे मारोतीला द्यावे. त्याचे फाटले आहे आणि तो मागणार नाही. माझी छत्री त्याच्याकडे आहे, ती आता त्याचीच. पालखीचा राग त्याने अजून धरला आहे. "तुझ्या घरचा पालना आता सरकारनी चालवावा" असे तो भर पंगतीत म्हणाला होता, त्याचा राग मीही धरला आहे. तरी तेराव्याला त्याला पहिल्या पंगतीत बसवावे, नाहीतर मी मेल्यावरही ऐकून घ्यावे लागेल. मिठागराचे फावडे कोणाला लागणार नाही, ते अंगणात राहू द्यावे.

७. आता सुभाष. तू मला म्हणालास, "बाबा, न्हावा शेव्याचं बंदर येतंय. ट्रान्सपोर्टवाले गोडाऊनला जागा शोधतायत. लोक खोल्या भाड्यानं देतात आणि तुम्ही तिथं बाळंतपणं करता. सोसायटीत मला विचारतात, गावच्या घरी काय चालतं म्हणून."

मी म्हणालो, "सांग, पोरं होतात."

तू हसला नाहीस. तुला टेन्शन येते ते मला कळते. मलाही आयुष्यभर लोकांचीच भीती वाटली. ह्या एका बाबतीत वाटली नाही, ती काशीमुळे.

वकीलसाहेबांनी सांगितले की पुढच्या अंगणातून मागे जायचा हक्क लिहून ठेवा, म्हणजे कोर्टात टिकेल. मी तो लिहितो: मागच्या खोल्यांत राहणाऱ्या आणि तिथे येणाऱ्या कोणालाही पुढच्या अंगणातून जायची वाट कायमची आहे. त्यांनी हेही सांगितले की बाप वारला त्या वेळी पोटात असलेल्या मुलालासुद्धा कायदा वारस धरतो. ते ऐकून मला बरे वाटले. म्हणजे काशीचा हिशोब कायद्यालाही माहीत होता.

पण सुभाष, कागदाने हे काम होणार नाही, हे मला माहीत आहे. तू फाटकाला कुलूप घातलेस तर अरुणा कोर्टात जाईल आणि कदाचित जिंकेलही. पण जी मुलगी पहिल्यांदा येईल, ती कोर्टात जाणार नाही. ती तिथपर्यंतच कशीबशी आलेली असते. फाटक बंद दिसले की ती मागे फिरेल, आणि ती आली होती हे तुला कधी कळणारही नाही. भांडण होणार नाही, आवाज होणार नाही. म्हणून मला काळजी आहे ती ह्या एका गोष्टीची, बाकी सगळ्याची सोय मी केली आहे.

आज मागच्या खोलीत स्मिता आहे, सातवा चालू आहे. मी तिच्या बाळंतपणाआधी गेलो तर रडारड तिच्या खोलीपर्यंत नेऊ नये आणि पाहुण्यांच्या झोपण्यासाठी तिची खाट काढू नये.

८. हे कलम नंतर वाढवले आहे. वरचे सगळे मी काल सुभाषला वाचायला दिले. त्याने ओटीवर बसून सगळे वाचले, सातवे कलम दोनदा वाचले. मग उठला आणि फाटकापासून मागच्या दारापर्यंत चालत गेला. तिथे स्मिता तांदूळ निवडत होती. तिने "दादा, पाणी देऊ का?" असे विचारले. तो नको म्हणाला आणि परत आला.

मला म्हणाला, "बाबा, वाटेत मध्ये काळोख असतो. फरशी पण उचकटलीय. पोटुशी बाई पडेल एखादी."

मी म्हणालो, "काशीला मी कितीदा बोललो होतो."

"मग एक दिवा लिहा. माझ्या मीटरवर. आणि लिहा की तो बंद करायचा नाही. नंतर मीच विसरेन."

म्हणून सुभाषच्या सांगण्यावरून लिहितो: फाटकापासून मागच्या दारापर्यंतच्या वाटेवर एक दिवा लावावा. त्याचे बिल पुढच्या भागाचा मालक भरेल. दिवा रात्रभर चालू राहील, मागच्या खोल्या रिकाम्या असल्या तरीही.

एवढे सारे मी समजून-उमजून लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली. ह्यातून ज्यांना काही मिळते त्यांच्यापैकी कोणीही साक्षीदार नाही.

सही: नामा कान्हा मढवी

साक्षीदार:
१. डॉ. चारुलता सुधीर सामंत, वाशी
२. दिलीप हरी वैती, निवृत्त शिक्षक, पावणे

स्थळ: पावणे, नवी मुंबई
दिनांक: ९ डिसेंबर १९८७