विंगेतली वही

शांती नगर, मीरा रोड
२० मे

सौ. गिरिजास,
अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गोळ्या वेळेवर घेतोय.

एस.टी.चा प्रवास सुखाचा झाला. गावच्या नाटकमंडळीतले चौघे इथे चाळीस वर्षांनी भेटले. काल सोसायटीच्या हॉलमध्ये आमचं जुनं नाटक केलं. मी नेहमीसारखा विंगेत, वही घेऊन वाक्यं पुरवायला.

कोंडिरामला हल्ली फार विसरायला होतं. केसरवहिनी नको म्हणत होत्या. मीच हट्टाला पेटलो, "वहिनी, मी आहे ना विंगेत!"

दुसऱ्या अंकात तो अडला. मी वाक्य पुरवलं, तसा माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "तू कोण रे?"

लोक पोट धरून हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं. मला पुढची ओळ दिसेना.

नंतर वहिनींची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भावोजी, मनाला लावून घेऊ नका. मला तर रोज सकाळी विचारतात."

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. आंबे उतरवलेस का?

रविवारी पोहोचतोय. इतक्या वर्षांत तू माझं नाव कधी घेतलं नाहीस. दारात आलो की एकदा नावाने हाक मार.

तुझा,
हरिश्चंद्र