गुवाहाटीचा भाव

प्रिय ताई,

हे पत्र दसऱ्याला लिहायचं होतं. दसऱ्याला वही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी सापडली, तर तिच्यात माझं बारावीचं रसायनशास्त्र निघालं. ते वाचत बसलो. तेव्हा समजलं नव्हतं, आताही समजलं नाही. मग पेन आणायला आगाशीच्या बाजारात गेलो आणि भजी खाऊन परत आलो, पेनाशिवाय. असे अठरा दिवस गेले. पण उद्या सकाळच्या विमानाने आई तुझ्याकडे यायला निघतेय आणि हे पाकीट तिच्या पर्समधून यायचं आहे, म्हणून आज जेवणं झाल्या झाल्या ओटीवर बसलोय. फोन केला असता, पण फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस. आणि आई, तू पाकीट फोडलं असशील तर इथेच थांब. पुढचं ताईचं आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईने तुझ्या लग्नाच्या मांडवातच ठरवून टाकलं होतं. तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दसऱ्याच्या आत विमानात बसवा, नंतर मी चिठ्ठी देणार नाही. भूपेशभावोजी लगेच तिकीट काढायला निघाले होते, पण बाबांनी अडवलं. "लेक माहेरी येते ती बापाच्या तिकिटावर." झालं, काम माझ्याकडे आलं. का, तर मी फिरतो! अगं, मी मनालीला ट्रकमधून गेलो आणि गोकर्णला जनरल डब्याच्या दारात बसून. विमान मी बघितलंय ते अर्नाळ्याच्या वाळूत पडून, खालून. पण घरात एकदा का माणूस जाणकार ठरला की त्याला नाही म्हणवत नाही.

गणपतीत तुझं गुवाहाटीहून मुंबईचं तिकीट सात हजार दोनशेला होतं. बाबांनी बिडी विझवावी तसा तो भाव विझवला. म्हणाले, "विघ्नेश, केळं उद्या काळं पडतं म्हणून आज विकावं लागतं. विमान उडाल्यावर उरलेली सीट काय लोणच्यात घालणार आहेत? अर्नाळ्याला मासळीला आपण कधी जातो? उन्हं चढल्यावर. कोळणीला घरची घाई झाली की पापलेटही आपल्या भावाने बोलू लागतं. थांब तू." मला पटलं. तुलाही पटलं असतं. चाळीस वर्षं केळी विकलेला माणूस बोलत होता.

मग कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की एकाच फोनवरून सारखा भाव बघितला तर कंपनीला कळतं, हा गरजू आहे, आणि ती भाव चढवते. हेही बाबांना लगेच पटलं. सुकेळीसाठी सोललेली केळी वाळत घातली की ते कोणाला तिकडे टक लावून बघू देत नाहीत, हे तुला माहीत आहेच. घरातल्या फोनांवर गुवाहाटी बंद झाली. मी गावभर लोकांच्या फोनवर बघत फिरायला लागलो. सगळ्यात जास्त इग्नेशियस बेकरीवाल्याच्या, कारण तिथे गरम पाव निघेपर्यंत बसायला मिळतं. त्याच्या फोनवर आता रोज गुवाहाटीच्या हॉटेलांच्या जाहिराती येतात. त्या बघितल्या त्याच्या बायकोने. इनेझमावशींनी भर दुकानात, हातात पावाची लादी धरून त्याला विचारलं, "गुवाहाटीला कोन ऱ्हाते तुजी?" मी खुलासा करायला गेलो, तर म्हणाल्या, "तू गप. तूच नेलं असशील याला." बिचारा आठ दिवस बेकरीतच जेवत होता, आणि तेही पावच.

भाव मात्र ज्याच्या त्याच्या फोनवर चढतच होता. साडेआठ, नऊ, साडेदहा. बाबा म्हणायचे, अजून उन्हं चढली नाहीत. अर्नाळ्याचा माझा दोस्त रॉकी जाळं शिवता शिवता हसला. "अरे येड्या, उनं चढली म्हनून भाव उतरत नाय. गिऱ्हाईक गेलं म्हनून उतरतो. माज्या पाटीत एकच घोळ मासा उरला नि चार बाया पिशव्या घेऊन हुब्या, तर मी सस्ता देईन काय?" आणि तुझ्याकडे तर दुर्गापूजेच्या सुट्टीत अख्खं शहर पिशव्या घेऊन उभं होतं. घटस्थापनेच्या दुपारी एकवीस हजार. तेवढ्याला काढावं की नाही याचा घरात खल होईपर्यंत दुसऱ्या दिवशी सीटच नाही. उरलं ते कोलकात्याला नऊ तास बसवून ठेवणारं. त्याला तुझ्या डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. दसरा गेला आणि तू तिकडेच राहिलीस.

तेव्हापासून बाबांचं काय झालंय ते तुला आई सांगणार नाही. दसऱ्याला सोनं द्यायला जो येईल त्याला ते स्वतःहून सांगत होते, "मी लोभ केला. हजार-दोन हजारांपायी लेकीचं माहेर घालवलं." तुझा फोन आला की आई म्हणते ना, बाबा वाडीत गेलेत? ते वाडीत नसतात. फोनच्या शेजारच्या खुर्चीत असतात. तुझा आवाज ऐकतात आणि हाताने नको नको करतात.

आईच्या तिकिटाच्या वेळी मी भाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "मला सांगू नको. काढ." ताई, या माणसाने दात काढताना दातवाल्याशी घासाघीस केली होती, दोन काढतोस तर तिसरा फुकट काढ म्हणून. सामान पंधरा किलोच चालतं म्हटल्यावर आता त्यांनी केळ्यांचा वजनकाटा ओटीवर आणलाय. आईने डिंकाचे लाडू, सुकेळी आणि दुपटी ठेवून स्वतःच्या तीन साड्या बाहेर काढल्या. चौथी नेसूनच जाते म्हणाली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहा हजार भाव होता. बाबांनी खिशातून कार्ड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "माझं चुकलं बहुतेक. आजच काढून टाक." कार्ड खिशात घालून मी निघालो, इग्नेशियसकडे जायची सोय नव्हती म्हणून अर्नाळ्याला. रॉकीच्या होडीला नवीन इंजिन बसलं होतं. म्हणाला, किल्ल्यापर्यंत जाऊन दहा मिनिटांत येऊ. इंजिन मध्येच बंद पडलं. संध्याकाळी किनाऱ्याला लागलो, त्याच्याकडे जेवलो, तिथेच झोपलो. आठवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. मी बाबांना सांगितलं की काल बघितलं तेव्हाच एकवीस झाला होता. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मी तो मारू दिला. तर ताई, लोभ त्यांनी केला असेल, पण तुझं माहेर मी घालवलं. त्यांच्यावर रागावू नकोस. मला काय शिव्या घालायच्या त्या घाल, मग बाबांना सांगायला मला जरा धीर

थांब. आत फोन वाजतोय. आई ओरडली.

ताई! भावोजी होते. मुलगी झाली! दहा दिवस आधी! आणि मी इथे ही बातमी तुलाच कळवतोय. आई लाडू खाली ठेवून देवापुढे साखर ठेवायला पळाली. फोन बाबांनी घेतलाय, स्वतःच्या हाताने. नुसता कानाला लावून उभे आहेत. तुझी लेक तिकडे इतकी मोठ्याने रडतेय की मला इथे ओटीवर ऐकू येतंय. त्यांनी फोन ठेवला की मी आत जाऊन सगळं सांगणार आहे. पण ते ठेवतच नाहीत.

तुझाच, आणि आता तिचाही,
विघ्नेश