बुटाची नाडी

प्रिय अहो,

हसू नका. इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नव्हती, त्यामुळे मायन्यापाशीच अडले. तुमचं नाव लिहून पाहिलं, तर विजेचं बिल आल्यासारखं वाटायला लागलं. मग म्हटलं, घरात जे आहात तेच पत्रातही असू द्या. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. पण फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता, शेजारी सलिल कान देऊन बसलेला असतो, आणि कुठलाही अवघड विषय काढला की तुम्ही "बघू" म्हणून मोकळे होता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं तरी लागतं.

आयर्लंडच्या या गावात येऊन पंधरवडा होत आला. गाव कसलं, एक रस्ता, एक चर्च आणि पलीकडे समुद्र. आपली काळ्या तलावाची फेरी पुरी होते तेवढ्यात गाव संपतं. माणसं भेटली की आधी हवेबद्दल बोलतात आणि निरोप घेतानाही हवेबद्दलच. जेवायला बटाटा, उद्याही बटाटा. परवा मी त्यावर आपला गोडा मसाला घालून परतला, तर सगळ्यांनी पातेलं पुसून खाल्लं आणि एकाला ठसका लागला. संध्याकाळची जेवणं उरकली तरी बाहेर लख्ख ऊन असतं, आणि त्या उन्हाचं काय करायचं ते मला कळत नाही. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र होत आलेली असते. सलिल उजव्या कुशीवर झोपला असेल का, पांघरूण लाथाडलं असेल का, तुम्ही त्याच्या डोक्याला तेल लावलं असेल का, हेच मनात घोळतं. फार आठवण येते हो. तुमचीही येते, पण त्याची जास्त. एकोणतीस वर्षांत मी त्याला सोडून एक रात्र कुठे राहिले नव्हते. विमानतळावर जाताना शीळफाट्याला गाडी तुंबली, तेव्हा तुम्ही घड्याळ बघत होतात आणि मी मनात म्हणत होते, चुकू दे विमान.

आपल्या कल्याणच्या कार्यशाळेत सलिल आणि त्याचे सोबती कागदी पिशव्या करतात, तशी इथे बेकरी आहे. दोन्हीकडच्या मदतनिसांच्या अदलाबदलीत यांची ओर्ला तिकडे आली आणि मी इकडे. पण खरा फरक बेकरीत नाही, घरात आहे. मी जिथे मदतीला आहे त्या घरात चौघं राहतात, सगळे आपल्या सलिलसारखेच डाउन सिंड्रोमचे, आणि कोणाचेच आईवडील बरोबर नाहीत. मदतनीस येतात, जातात. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला घराची किल्ली. कोणाचीही किल्ली दारात फिरली की मला सलिलच ऐकू येतो. मी बाजारातून आले की आपल्या लॅचच्या आवाजावर तो आतून ओरडतो ना, "आई आली!" तसा. मग दारातून आत येतो दुसराच कोणीतरी.

या चौघांत डेक्लन म्हणून एक आहे. तेच बारीक डोळे, तीच ठेंगणी बोटं, फक्त केस पिकलेले. पहिल्याच सकाळी तो पायरीवर बसला होता, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. बसले खाली आणि दोन्ही नाड्या बांधून टाकल्या, वर त्याच्या गुडघ्यावर थापही मारली. मी उठल्यावर त्यानं दोन्ही नाड्या सोडल्या आणि जीभ दातांत धरून पुन्हा स्वतः बांधल्या. त्यात त्याची बस गेली. कोणीही मला रागावलं नाही. तो शांतपणे पुढच्या बसची वाट बघत बसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. सलिलला आपण नेहमी चिकटपट्टीचे बूट घेतो. सोय म्हणून. कोणाची सोय, हे मी त्या पायरीपाशी उभी राहून पहिल्यांदा स्वतःला विचारलं.

आणि आता तुमच्याकडे वळते. बसला आहात ना? ओर्लानं इथल्या मंडळींना एक फोटो पाठवला. आपल्या बिल्डिंगचं फाटक, सलिलच्या दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या, चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. खाली तिनं लिहिलं होतं की रोज सकाळी एकटा जाऊन आणतो. एकटा! रस्त्यावरून, रिक्षांमधून! तुमचा गुडघा दुखतो म्हणून त्याला धाडलंत आणि माझ्यापासून लपवलंत. मी बाथरूममध्ये जाऊन आधी तुमच्या नावानं बोटं मोडली, मग रडले, मग पुन्हा बाहेर येऊन तो फोटो मोठा करून पाहिला. पिशव्या फुटल्या नव्हत्या. त्याला माझ्यावाचून जमतंय, याचं सुख आणि दुःख एकदमच झालं, आणि त्यातलं मोठं कुठलं ते मला अजून कळलेलं नाही.

कार्यशाळेत सगळ्यांना वाटतं की मी सेवा करायला इथे आले. तुम्हालाही मी तेच सांगितलं. पण तुमची बायपास झाली, त्या दिवसापासून एक प्रश्न आपल्या घरात रोज जेवायला बसतो आणि आपण दोघंही त्याच्याकडे बघत नाही. आपल्यामागे सलिलचं काय? त्याचं उत्तर कुठे दिसतं का, ते बघायला मी आले. सगळं उत्तर नाही मिळालं. सुरुवात कुठून करायची तेवढं कळलं. देव्हाऱ्याखालच्या खणात माझी लॅचची किल्ली आहे. तिला दोरी ओवून सलिलच्या गळ्यात घाला. "बघू" म्हणू नका. मला न्यायला दोघं या, आणि घरी पोचल्यावर दारापुढे खिशात हात घालू नका. सलिल उघडेल. किल्ली उलटी लावेल, त्याला वेळ लागेल, लागू द्या. फक्त तेवढा वेळ माझे दोन्ही हात घट्ट धरून ठेवा, नाहीतर मीच पुढे होईन.

तुमचीच,
सुमती