मी न वाचलेला परिच्छेद

भुवनेश्वरीमावशी,

नमस्कार करते. इथे आपण मराठी नुसती बोलतो; पुण्यात अर्थशास्त्र शिकताना मी ही देवनागरी लिपी लिहायला शिकले. तुला ती वाचता येत नाही, म्हणूनच हिच्यात लिहितेय.

काल तू मला दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसवलंस, काफी दिलीस आणि कोर्टाचा निकाल हातात ठेवलास. म्हणालीस, "तू लॉ कॉलेजात शिकवतेस, तूच वाचून सांग." मी सांगितलं, घरमालक जिंकला, दोन महिन्यांत घर सोडायचं. तू एवढंच विचारलंस, "का म्हणून?" मी म्हटलं, "कायदाच तसा आहे."

खोटं बोलले. चौदावा परिच्छेद मी गाळला. जुने भाडेकरू लवकर निघाले तर शेवटी सगळ्यांचंच भलं होतं, हे एका अभ्यासानं सिद्ध झालंय, असं न्यायाधीशांनी त्यात लिहिलंय. खाली तळटिपेत माझं नाव आहे. त्याच लेखावर मला, कायद्याची पदवी नसताना, कायदा शिकवायची नोकरी मिळाली. तेव्हा राजवाड्यापर्यंतच्या गल्लीत मैसूरपाक तूच वाटलास. 'सगळे' लिहिताना मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नव्हतं गं.

झेरॉक्स काढते सांगून निकाल घरी आणलाय. तो अजून पर्समध्येच आहे. संध्याकाळी तुझी नात नित्या तो न्यायला येतेय, अपील करायचं म्हणते. ती माझ्याच वर्गात आहे. निकाल हातात आला की आधी तळटिपा वाचायच्या, हे मीच तिला शिकवलंय.

अजून तरी तुझीच,
साईप्रिया