श्रीकांतच्या कर्जाची वसुली

१४ जून २०२२

आज तो शाळेतच आला. सातवीच्या वर्गाच्या दारात उभा — हेल्मेट काखेत, बूट चिखलाचे. "निर्मला मॅडम कोण?" सगळ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. बाहेर गेले तर व्हरांड्यातच सुरू. "श्रीकांतभाऊंचं लोन. पुराना मामला आहे. तुम्ही बायको ना त्यांच्या? मग कोण भरणार?" आवाज मुद्दाम चढवलेला. उषा मॅडमनी ऑफिसातून सगळं ऐकलं. मधल्या सुट्टीत बोलावून म्हणाल्या, "घरचं घरी ठेवा हो. इथं पालक येतात." मुख्याध्यापिका आहेत, त्यांचंही बरोबर. पण मी बोलावलं होतं का त्याला?

वर्गात परत जाऊन अपूर्णांक शिकवले. फळ्यावरचं गणित चुकलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच सांगितलं.

१५ जून

त्याचं नाव कडू. खंडव्याच्या कुठल्याशा वसुली एजन्सीचा माणूस. नाव ऐकून बरं वाटलं — निदान नाव तरी खरं आहे. सासूबाई म्हणाल्या, "मुलं जगत नसली की ठेवतात असं नाव. त्याच्या मायनं लई सोसलं असंल." त्यांना सगळ्यांचीच दया येते. मला नाही येत.

१८ जून

एकदा लिहूनच काढते.

श्रीकांतनं कर्ज काढून पॉवरलूम घेतले. इथल्या लालबाग मोहल्ल्यातलं हे घर सासूबाईंच्या नावावर, ते गहाण ठेवलं. त्यांचा अंगठा घेतला, माझी सही घेतली. "सहकर्जदार, नावापुरतं" म्हणाला. दोन वर्षं हप्ते गेले. मग सूत महागलं, माल पडून राहिला. एका सकाळी सुरतेला काम बघतो म्हणून गेला. आठ वर्षं झाली. फोन बंद. पोलिसात तक्रार दिली, सुरतेला माणूस पाठवला — काही कळलं नाही. सासूबाईंनी मनाशी धरलंय की तो गेला. "जित्ता असता तर मायला एक फोन नसता केला?"

घराचे कागद बँकेतच अडकलेत. त्या म्हातारीला या घराबाहेर काढलं तर ती जाईल कुठे?

२० जून

बँकेत गेले. ती बँकच राहिली नाही. दुसऱ्या बँकेत मिसळली — पाटी नवी, माणसं नवी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे खातं आमच्याकडे नाही. बुडीत कर्जं कंपनीला विकली." घराचे कागद? कंपनीकडे. कंपनी? इंदूरला. इंदूरवाल्यांना फोन लावला तर म्हणे, "एजन्सीशी बोला." एजन्सी म्हणजे फिरून कडूच.

माझं कर्ज विकलं आणि मलाच पत्ता नाही.

२३ जून

मी आंघोळीला गेले होते. कडूचा फोन सासूबाईंनी उचलला.

२४ जून

काय म्हणाला ते आज सांगितलं त्यांनी. "म्हातारे, घराला कुलूप लागंल. भावाकडं फोपनारला निघून जा." काल दिवसभर जेवल्या नाहीत ते यासाठी. मला म्हणाल्या होत्या, पोट जड आहे.

कडूला फोन केला. म्हटलं, परत त्यांच्याशी बोललास तर ठाण्यात जाईन. हसला. "जाओ ना मॅडम. थाने में हमारे साढू हैं."

त्याच्या गाडीला अपघात व्हावा असं मनात आलं. आलं ते आलं.

१ जुलै

घरी आला. अंगणातल्या खुर्चीवर न विचारता बसला. एकदम गोड. "सेटलमेंट करून टाकू. निम्मे द्या — कॅश, माझ्या हातात. फाईल बंद." पावती? "विश्वास ठेवा ना, मॅडम."

म्हटलं, "कंपनीचं पत्र आण. रक्कम किती, घराचे कागद कधी देणार, सगळं त्यात पाहिजे. पैसे कंपनीच्या खात्यात जातील. तुझ्या हातात पाण्याचा पेलासुद्धा द्यायची नाही."

तेवढ्यात सासूबाई पाणी घेऊन आल्या. प्यायला. मला इतका राग आला की पेला मी अंगणातच घासला.

९ जुलै

पत्र येईना म्हणून खंडव्याला गेले. औषधाच्या दुकानावर वरच्या मजल्यावर ऑफिस. पोरी रांगेनं बसून फोनवर लोकांना झापत होत्या. एक म्हणत होती, "शेजाऱ्यांना सांगू का?" — आणि दुसऱ्या हातानं भेळ खात होती.

मॅनेजर नंदकुमार नावाचा. कॉम्प्युटरवर खातं उघडलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढ्या कडक का? तुमचे मिस्टर तर नीट बोलतात."

"कोण?"

"श्रीकांतजी. सुरतेचा नंबर आहे त्यांचा. मेन पार्टी तेच ना. शाळेचं नाव त्यांनीच दिलं आम्हाला. म्हणाले, मॅडमची नोकरी आहे, शाळेत गेलात तर लाजेनं भरून टाकतील."

समोरची खुर्ची ओढून बसले. बाजूच्या पोरीचं बोलणं चालूच. नंदकुमारनं विचारलं, "नंबर हवा का?"

नंबर नाही मागितला. पत्र मागितलं. हातात पडेपर्यंत उठले नाही.

१० जुलै

सासूबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळी सांगितलं.

आधी रडल्या. मग विचारलं, "तब्येतीनं बरा हाय ना?" माहीत नाही म्हटलं. पुन्हा त्यांनीच — "शाळेत जा म्हणून त्यानंच सांगितलं?"

"हो."

"घरात मी हाय, हे ठावं हाय ना त्याला?"

त्या उठल्या, वाळत घातलेले कपडे गोळा करायला गच्चीवर गेल्या. खूप वेळ खाली आल्या नाहीत.

२ ऑगस्ट

लूम विकले. शेजारच्या निंबाभाऊंनी घेतले, भाव पाडला नाही. तरी कमी पडत होते. पाटल्या मोडल्या, मग मंगळसूत्र काढलं. सराफ कचरला — "वहिनी, हे राहू द्या." मीही थांबले होते खरी. सोबत आलेल्या सासूबाईच म्हणाल्या, "तोला."

पैसे कंपनीच्या खात्यात भरले.

१९ ऑगस्ट

खंडव्याच्या ऑफिसात कागद मिळाले. रजिस्ट्री, कर्ज संपल्याचा दाखला, सगळं. जिन्यात कडू भेटला. "पेट्रोलचं काही द्या ना, मॅडम. नाराजी नको, अपनी भी नौकरी है." म्हटलं, "नोकरी मीही करते. कुणाच्या म्हातारीला घराबाहेर काढत नाही." त्याला काही वाटलं असेल असं वाटत नाही. म्हणाला, "तुमच्या साहेबांनाही मेसेज गेला — खातं बंद झाल्याचा."

घरी आले तर सासूबाईंनी कागदांना हळदकुंकू लावलं. मी ओरडले, डाग पडतील म्हणून. मग दोघी हसलो.

२२ ऑगस्ट

दुपारी फोन आला. आवाज लगेच ओळखला. "निर्मला, मिटलं म्हणे सगळं. आता येऊ का घरी?" सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला. तो "आई, आई" म्हणत होता, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. त्यांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "हितं तुमचं कोणी राहत नाही, भाऊ."