मूत्रपिंडाचा केक

जयपूर

प्रिय रत्नप्रभेस,

आपला कौशिक सुखरूप आहे, रडू नकोस. लघवी खाली नेणारी नळी खराब झाल्यामुळे डॉक्टरांनी रोबोटच्या हातांनी त्याचं एकुलतं मूत्रपिंड काढून त्याच्याच ओटीपोटात बसवलं. ते चालेल की नाही, हे लघवी झाल्यावरच कळणार होतं.

तेवढ्यात इस्पितळवाल्यांनी यंत्राचं यश म्हणून केक आणला, हुबेहूब मूत्रपिंडाच्या आकाराचा, लालभडक! पोराचे टाके ओले, आणि सुरी माझ्याच हातात. "बाबूजी, मुँह मीठा कीजिए." शिसारी आली गं. ओरडलोच, "पहले बेटे को पेशाब तो होने दो!"

पहाटे पिशवीच्या नळीत लघवीचे थेंब उतरले. शाळेत दवबिंदूंच्या इतक्या कविता पाठ केल्या, पण थेंब पाहून डोळे भरले ते आजच.

तू जेवतेस ना?

तुझाच,
उमाकांत