समोरचं गॅरेज

१२ मार्च

दादा,

नमस्कार. साष्टांग घालायची सवय मोडली, तेव्हा एवढ्यावरच भागव. आई माझ्याकडे मजेत आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंडाला विश्रांती नाही.

आपली दोघांची गॅरेजं समोरासमोर असून तू पत्र पाठवलंस. मिस्त्रीला परत पाठव, नाहीतर बघून घेईन म्हणतोस. बघ ना. रस्ता ओलांडला की सगळं दिसतं.

मिस्त्रीला मी फोडलं नाही. बाळंतपणानंतर त्याच्या बायकोला उठवत नव्हतं, म्हणून त्याने तुझ्याकडे रजा मागितली. तू सगळ्यांसमोर विचारलंस, "बाळंत बायको झाली की तू?" सगळे हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात उभा राहिला. मी आधी रजा दिली, काम नंतर. त्याच्यामागून तुझी निम्मी माणसं आली. इथे चहाचे कप पाळीने धुतात, पुरुषही, मीही. याला तू बायकांचं राज्य म्हणतोस. तुझ्या राज्यातून तर पुरुषच पळाले, त्याचं काय?

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. बाबा गेल्यावर तू गिऱ्हाइकासमोर माझ्या हातातला पाना काढून घेतलास. म्हणालास, "बाईने उघडलेलं इंजिन रस्त्यात बंद पडतं." तेच गिऱ्हाईक आता माझ्याकडे येतं. पाटी मी मुद्दाम तुझ्या दाराकडे तोंड करून लावली आहे.

आता जे टाळत होते ते लिहिते. तुझ्या पत्रात मिस्त्री आहे, त्याने नेलेला जॅक आहे. वहिनी कुठेच नाही. माहेरी गेली असेल, येईल चार दिवसांनी, असं धरून बसला असशील. ती माझ्याकडे आहे. गाड्यांचं रंगकाम शिकते. काल तिने पहिला दरवाजा रंगवला. मिस्त्री "छान झालाय" म्हणाला, तर ही मागे वळून बघायला लागली, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय. दादा, मला वाटलं होतं, तुझी माणसं आली तेव्हाच माझा राग निवला. तिचं ते वळणं पाहिलं आणि पुन्हा पेटला.

काम हवं असेल तर तूही ये. पाना मिळेल, कपही धुवावे लागतील. माफी मात्र तिच्याकडे माग. माझ्याकडे मिळणार नाही.

'तुझी बहीण' लिहायला हात वळत नाही, म्हणून,

वहिनीची नणंद